पडद्यावरचा पाऊस

सिनेमाची जुनी, रेघाळलेली प्रिंट प्रोजेक्टरच्या मशीनवर चढवली की पडद्यावर वरून खाली बारीक रेघा धावतात. 'पाऊस पडतोय' म्हणायचं त्याला. १९७२ साली महाराष्ट्राच्या मोठ्या भागात खरा पाऊस रुसला होता, आणि टुरिंग टॉकीजच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या सिनेमाच्या तंबूतल्या पडद्यावरचा मात्र काही केल्या थांबत नव्हता. दोन्हींमागे टंचाईच होती. एक आभाळाची, दुसरी फिल्मची.

सत्तरच्या दशकातल्या सिनेमावर मराठीत भरपूर लिहिलं जातं, पण ते सगळं हिरो, गाणी आणि ज्युबिल्यांपुरतं. १९७५ च्या १५ ऑगस्टला लागलेला 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण असा एखादा सिनेमा माण, खटाव, आष्टी, पाटोदा भागातल्या जत्रेत कनातीच्या आत बसून बघणाऱ्यानं नेमकं काय बघितलं? माझं म्हणणं असं, की शहरानं पाहिला तो सिनेमा आणि गावानं पाहिला तो सिनेमा एकच नव्हता. गावातला आखूड होता, लालसर होता, आणि पुष्कळदा एक पट्टी खालच्या सुरात गाणारा होता. हे असं का, त्याची उत्तरं इंजिनात, कार्बनच्या कांड्यात आणि रिळांच्या पेटीत आहेत.

काळ कसा होता, ते थोडक्यात. १९७२-७३ चा दुष्काळ, खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामं, रेशनवरची मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), पोरांना सुकडीचा खाऊ. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि खनिज तेलाचा भाव तीन-चार महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवसांचा रेल्वे संप झाला. १९७४-७५ मध्ये घाऊक महागाईचा दर २५ टक्क्यांच्या घरात होता. पुढे आणीबाणी. या सगळ्यात टुरिंग टॉकीज बंद पडल्या नाहीत. दसरा-दिवाळीनंतर निघायचं, जत्रांच्या मागे फिरायचं, अक्षय्य तृतीया झाली की पावसाच्या आत तंबू गुंडाळायचा, हा त्यांचा शिरस्ता तसाच राहिला. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा आणि मुदतीचा, जागा ग्रामपंचायतीची, करमणूक कर सरकारचा. या कागदपत्रांच्या तपशिलात फार शिरत नाही, कारण सिनेमाचा चेहरा त्यांनी बदलला नाही. तो बदलला इंजिनानं.

तंबूच्या मागे तीस-चाळीस पावलांवर इंजिन असायचं. जास्त जवळ ठेवलं तर त्याची धडधड संवादात मिसळते, जास्त लांब नेलं तर तारेत व्होल्टेज पडतं. सर्रास दिसायचं ते सहा अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं, मिनिटाला ६५० फेरे घेणारं डिझेल इंजिन, शेतकरी विहिरीवर वापरायचा तसंच. त्याच्यावरून पट्ट्यानं डायनामो फिरवायचा. डायनामोला ५० सायकलची वीज द्यायची तर मिनिटाला १५०० फेरे हवेत. इंजिनाला १२ इंची पुली आणि डायनामोला ५ इंची लावली की हिशेब येतो १५६०. पट्टा थोडा तरी घसरतोच, तीन टक्के धरा, की उरतात १५१३. म्हणजे पुलीचं माप मुद्दामच जरा चढं धरलेलं असतं.

पट्टा सैल पडला की खरी गंमत. घसरण दहा टक्क्यांवर गेली तर डायनामो १४०० वर येतो. मशीनची मोटर त्या विजेच्या सायकलवर चालते, त्यामुळे मशीनही तितकंच मंदावतं. सेकंदाला २४ चौकटींऐवजी साडेबावीस चौकटी जातात. डोळ्याला हे कळत नाही. कानाला कळतं. १५०० चे १४०० होणं म्हणजे बाजाच्या पेटीवर एक पट्टी खाली उतरणं, थोडं जास्तच. लताबाईंचा आवाज किंचित जाड होतो, नायकाचा घोगरा. तीन तासांचा सिनेमा जवळजवळ तेरा मिनिटं लांबतो. आणि रेडिओवर तेच गाणं शंभरदा ऐकलेला माणूस बसल्या जागी म्हणतो, 'आवाज बसलाय आज.'

इलाज सोपे होते. डायनामो ज्या रुळांवर बसवलाय त्याचे बोल्ट ढिले करून तो मागे ओढायचा आणि पट्टा ताणायचा. कातडी पट्टा कोरडा पडला असेल तर आतून एरंडेलाचा हात फिरवायचा. घाईच्या वेळी चिमूटभर राळेची पूड टाकायची. राळ जास्त झाली की पट्टा पुलीला चिकटून फटाफट आवाज करतो आणि दोन-चार रात्रींत तडकतो. पट्ट्याचा जोड जिथे असतो तिथे प्रत्येक फेऱ्याला 'टक्' होतं. तो टक् वाढत चालला की जोड उघडणार हे समजायचं आणि खेळ सुरू व्हायच्या आत शिवायचा.

डिझेलचं गणित मालक तोंडपाठ ठेवायचा. हे इंजिन भारावर तासाला सव्वा लिटर पितं. दोन खेळ, जाहिरातींच्या स्लाइडी, रीळ बदलायची थांबणी, सगळं मिळून साडेसात तास धरले तर रात्रीचे नऊ-दहा लिटर. १९७३ नंतर अडचण नुसती भावाची राहिली नाही, मिळण्याचीही झाली. मग कोणी रॉकेल मिसळायचं. रॉकेल पातळ. डिझेलनं इंजिनाच्या पंपाला आणि नोझलला जे वंगण मिळतं ते त्यात नाही, म्हणून मिसळणारा त्यात घोटभर इंजिन ऑइलही ओतायचा. तरी पंप झिजायचा तो झिजायचाच. इंजिन ठोके देऊ लागायचं आणि भार आला की दम टाकायचं. भार केव्हा येतो? आर्क, म्हणजे मशीनमधली कार्बनची ज्योत, पेटवताना. म्हणजे सिनेमा सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी.

पाण्याची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. हे इंजिन पाण्यानं थंड होतं. शेजारी दोनशे लिटरचं पिंप, खालून थंड पाणी इंजिनात जातं, वरून गरम परत येतं, पंप लागत नाही. रात्रीत बादली-दीड बादली वाफ होऊन उडते, तेवढी भर रोज घालावी लागते. जुनी माणसं सांगतात की बहात्तरचा दुष्काळ पाण्यापेक्षा दाण्याचा होता, आणि ते पुष्कळ अंशी खरं आहे. पण विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि तळाचं पाणी जड. त्यातला क्षार इंजिनाच्या आवरणात थर धरतो आणि पिंप भरलेलं असूनही इंजिन तापतं. शिवाय बायका अर्धा मैल चालून कळशी आणताहेत आणि टुरिंगवाला पिंप भरतोय, हे गावाच्या डोळ्यांवर यायचं. म्हणून तेच पाणी गाळून पुन्हा वापरायचं, पिंपावर फळी ठेवायची, इंजिन थोडं तापलं तर तापू द्यायचं.

पाणी वाचवण्याचा दुसरा परिणाम थेट पडद्यावर. एरवी खेळाआधी तंबूत सडा मारायचे, धूळ बसावी म्हणून. जमिनीवर पोतं, घोंगडी टाकून बसलेली माणसं, उठणारी-बसणारी पोरं, धूळ तर उडणारच. सडा बंद झाला, आगीसाठी ठेवायच्या बादल्यांत पाण्याऐवजी वाळू आली, आणि उडालेली धूळ प्रकाशाच्या झोतात नाचून मशीनवरच्या फिल्मवर जाऊन बसली. तिथून सुरू होतो तो पडद्यावरचा पाऊस.

त्याच्याकडे येण्याआधी कार्बन. मशीनमध्ये बल्ब नसायचा. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यात ठिणगी पेटवायची आणि कांडीच्या टोकाला पडणाऱ्या झगझगीत खळग्याचा उजेड आरशानं फिल्मवर पाडायचा. वीज डीसी लागते, म्हणून मध्ये एसीची डीसी करणारा रेक्टिफायर. तांबं चढवलेला सात मिलिमीटरचा पॉझिटिव्ह कार्बन ४५ अँपिअरवर तासाला नऊ-दहा इंच जळतो. निगेटिव्ह सावकाश जळतो. दोघांमधलं अंतर पाव इंचाच्या आसपास राहिलं पाहिजे. कमी झालं तर आर्क थुंकते आणि फरफर आवाज करते, जास्त झालं तर ज्योत लांबते, फडफडते आणि विझते. खळगा आरशाच्या नेमक्या बिंदूवरून सरकला की पडद्याच्या मध्यावर किंवा कडांना निळसर नाहीतर तांबूस झाक येते. ऑपरेटर काळ्या काचेतून सारखा बघत असतो आणि दर मिनिटा-दोन मिनिटांनी दांडी फिरवून कांड्या पुढे सरकवतो. म्हणजे त्याला सिनेमा बघायला फुरसत नाही. शंभरदा दाखवलेल्या सिनेमाची गोष्ट त्याला सांगता येत नाही, पण कुठल्या रिळात किती जोड आहेत ते सांगता येतं.

आता टंचाईचं गणित. कार्बन बारा इंची. शेवटचे दोन इंच पकडीतच राहतात, ते जाळले तर पकड वितळते. म्हणजे वापरायला दहा इंच, साधारण एक तास. रात्रीच्या दोन खेळांना सहा पॉझिटिव्ह, आणि सहा थुटकं. प्रत्येकी दोन इंच म्हणजे बारा इंच, रोजचा एक अख्खा कार्बन केरात. पैसा मोकळा असताना केरात जायचाही. सत्तरच्या दशकात तो जोडला जायचा. थुटक्याच्या एका टोकाला भोक पाडायचं, दुसऱ्याचं टोक कानशीनं निमुळतं करायचं, आत घट्ट बसवायचं आणि वरून पातळ तांब्याची पट्टी गुंडाळायची.

जोड आर्कपाशी पोचला की तांबं वितळतं आणि ज्योत हिरवी होते. दोन-चार सेकंद पडदा मंदावतो, कधी जोड तुटून कांडी खाली पडते आणि पूर्ण अंधार. प्रेक्षकांत शिट्ट्या. वितळलेल्या तांब्याचे शिंतोडे आरशावर उडतात आणि तिथे कायमचे डाग पडतात. आरसा डागाळला की उजेड कमी, उजेड कमी म्हणून अँपिअर वाढवायचे, अँपिअर वाढवले की कार्बन आणखी वेगानं जळतो. काटकसर अशी उलटते. मुरलेला ऑपरेटर त्यावर एक युक्ती करायचा. दोन हजार फुटांचं रीळ २२ मिनिटं चालतं, तेवढ्यात साडेतीन इंच कार्बन जळतो. मग जोड अशा अंतरावर ठेवायचा की तो आर्कपाशी येईल तेव्हा रीळ संपलेलं असेल आणि तंबूत दिवे लागलेले असतील. हिरवी ज्योत कोणालाच दिसत नाही.

रीळ संपल्यावर दिवे लागतात, कारण बहुतेक तंबूंत मशीन एकच. शहरात दोन मशीनं असायची. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात काळा ठिपका चमकला की दुसऱ्याची मोटर चालू, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की उजेड पालटायचा. प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. एका मशीनवर ठिपका दिसतो आणि अंधार होतो. तीन तासांचा सिनेमा म्हणजे १६,२०० फूट, मिनिटाला ९० फूट. दोन हजाराच्या रिळांत भरला तर नऊ रिळं, म्हणजे मध्ये आठ थांबे. प्रत्येकी चार मिनिटं धरली तर अर्धा तास. गावाकडच्या माणसाला एक मध्यंतर माहीतच नव्हतं, आठ माहीत होती. शेंगदाणे, भजी आणि चहाचा धंदा त्या आठांवर चालायचा. गोष्टीचा धागा मात्र दर बावीस मिनिटांनी तुटायचा, कधी कधी नायिका दार उघडते आणि दारात कोण आहे ते भजी खाऊन झाल्यावर कळतं.

आता पेटी. पत्र्याच्या पेटीत रिळांचे डबे. हजार फुटांची फिल्म साधारण दोन किलो भरते, तेव्हा अख्खा सिनेमा डब्यांसकट चाळीस किलोंच्या पुढे. ती एसटीच्या टपावरून किंवा रेल्वेच्या पार्सलनं यायची. १९७४ च्या संपात रेल्वे थांबली तेव्हा पेट्याही जिथल्या तिथे.

ती कुठून यायची यालाही एक इतिहास आहे. महाराष्ट्र १९६० साली झाला, पण सिनेमाच्या धंद्यानं तो मानला नाही. पश्चिम महाराष्ट्र मुंबई टेरिटरीत, म्हणजे वितरणाच्या इलाख्यात, विदर्भ 'सीपी बेरार'मध्ये (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड), आणि मराठवाडा 'निझाम'मध्ये. राज्य जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी वितरकाच्या वहीत निझाम होताच. सीपी बेरारच्या पेढ्या अमरावती, भुसावळला. आणि मुंबई टेरिटरीतल्या अहमदनगर जिल्ह्यातून शेजारच्या, निझाममधल्या बीड जिल्ह्यात शिरलेल्या टुरिंगला जवळची पेटी चालत नव्हती, दुसऱ्या टेरिटरीच्या वितरकाकडून घ्यावी लागायची.

कच्ची फिल्म परदेशातून आणायची तर परकीय चलन हवं, आणि ते नव्हतं. उटीच्या सरकारी कारखान्यात कृष्णधवल फिल्म बनायची, रंगीत फिल्मसाठी पूर्व जर्मनीच्या ओर्वोचा आधार होता, कारण तिथे व्यवहार रुपयात होता. म्हणून प्रिंटा मोजक्या निघायच्या आणि निघालेली प्रिंट मरेपर्यंत चालवायची. मुंबई, पुणे, मग जिल्ह्याचं गाव, मग तालुका, आणि शेवटी तंबू. तंबूत येईतो तिचं वय पाच, आठ, दहा वर्षं.

त्या वयाच्या प्रिंटवर काय काय असतं? पहिलं, रेघा. फिल्मच्या पाठीवर, म्हणजे गुळगुळीत बाजूला ओरखडा असेल तर पडद्यावर काळी रेघ. मसाल्याच्या, म्हणजे रंगाचे थर चढवलेल्या बाजूला ओरखडा असेल तर रंग दिसतो, आणि रंगावरून खोली कळते. रंगीत प्रिंटमध्ये सगळ्यात वर जांभळट-गुलाबी थर, त्याखाली निळसर, तळाला पिवळा. वरचाच थर खरवडला तर हिरवी रेघ. दोन गेले तर पिवळी. तिन्ही गेले तर पांढरी. हिरवा पाऊस म्हणजे प्रिंट अजून बरी आहे, पांढरा म्हणजे आता हाडं दिसायला लागली.

दुसरं, रंग उडणं. त्या काळातल्या रंगीत प्रिंटचा निळसर थर सगळ्यात आधी विटतो, आणि उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत आणखी लवकर. मग उरतो तो लाल-गुलाबी सिनेमा. काश्मीरचं बर्फ गुलाबी, आभाळ गुलाबी, नायिकेची हिरवी साडी मातकट. साठच्या दशकातले रंगीत सिनेमे सत्तरच्या अखेरीस तंबूत पाहिलेल्या कित्येकांच्या आठवणीत ते असेच असणार.

तिसरं, जोड. तुटलेली फिल्म जोडायची रीत अशी: दोन्ही टोकं छिद्रांच्या मापानं सरळ कापायची. एका टोकाचा मसाला ब्लेडनं पूर्ण खरवडायचा, पारदर्शक पाठ दिसेपर्यंत. दुसऱ्या टोकाची पाठ पुसून घ्यायची. फिल्म सिमेंटचा एकच पातळ हात, लगेच टोकं एकावर एक, छिद्रं जुळवून, आणि पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं. सिमेंट इथे गोंद नसतं, ते फिल्मच विरघळवून एक करतं. म्हणून मसाल्याचा कण जरी राहिला तरी जोड धरत नाही आणि गेटमध्ये, म्हणजे फिल्म उजेडासमोरून सरकते त्या जागी, उघडतो. बाटलीचं बूच उघडं राहिलं की सिमेंट घट्ट होतं. त्यात ॲसिटोन टाकून पातळ करायचे, तो जोड दोन-चार रात्री टिकतो. चौकटीच्या चार छिद्रांपैकी दोनांनी जोड चुकला तर पडद्यावर अर्धा माणूस वर, अर्धा खाली, पाय वर आणि डोकं खाली, आणि ऑपरेटर फ्रेमची दांडी फिरवून ते जागेवर आणेपर्यंत तंबूत हशा.

प्रत्येक जोडात एक-दोन चौकटी जातात. एकदा तुटली तर काही कळत नाही, वीसदा तुटली की वाक्यच जातं. आणि चित्र तुटतं तिथेच आवाज तुटत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला छापलेली असते, पण आवाज वाचणारा दिवा चित्राच्या गेटखाली वीस चौकटींच्या अंतरावर असतो. त्यामुळे जोड आधी गेटमधून जातो, तेव्हा चित्र उडी मारतं, आणि पाऊण सेकंद उलटल्यावर दिव्यापाशी पोचतो, तेव्हा आवाजात 'धप्' होतं. नीट काम करणारा ऑपरेटर आवाजाच्या पट्टीवर जोडापाशी काळ्या शाईचा लांबट त्रिकोण रंगवायचा. उजेड एकदम न तुटता हळू कमी-जास्त होतो आणि धप् येत नाही. त्रिकोण रंगवलेल्या जोडांवरून प्रिंट आधी कोणाच्या हातून गेलीय याचा अंदाज यायचा.

गेटच्या वर आणि खाली फिल्मला ढिला वळसा द्यावा लागतो. मशीन फिल्म सलग ओढतं, पण गेटमध्ये ती थांबत-थांबत सरकते. हा धक्का तो वळसा झेलतो. वळसा लहान घेतला तर फिल्म खरखरते आणि छिद्रं फाटतात. फाटक्या छिद्रामुळे खालचा वळसा उडाला की पडद्यावर चित्राचा ओघळ होतो. खालचा वळसा नको तेवढा मोठा राहिला तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. गेटमध्ये साठलेला मसाला खरवडायला लोखंडी हत्यार कधीच वापरायचं नाही, बांबूची कामटी आणि जुना दातांचा ब्रश. लोखंडानं गेटला एक ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक सिनेमाच्या प्रत्येक फुटावर उमटतो. धुळीनं होतं ते नुकसान एका प्रिंटपुरतं, ओरखडलेला गेट पूर्ण हंगामभर पाऊस पाडतो.

सिनेमास्कोपचा एक घोटाळा राहिला. स्कोपच्या फिल्मवर चित्र आडवं दाबून छापलेलं असतं आणि ते पसरवायला वेगळी लेन्स लागते. ती महाग. नसली तर सगळी पात्रं सोटासारखी उंच, बैलगाडीची चाकं अंड्यासारखी. लेन्स असली तरी पडदा रुंद ताणावा लागतो, मग तोच उजेड जास्त जागेवर पसरून फिका पडतो, आणि वारा सुटला की पडद्याचं पोट फुगून मधलं चित्र अस्पष्ट. काही टुरिंगवाले स्कोप घेतच नसत. माझ्या मते शहाणपणा होता तो.

आता कात्री. दोन खेळ पहाटेच्या आत बसवायचे आणि डिझेल वाचवायचं तर सिनेमा आखूड करणं आलंच. हजार फूट गाळले की अकरा मिनिटं, पाव लिटर डिझेल आणि जवळजवळ दोन इंच कार्बन वाचतो. पण काय गाळायचं? गाणं गाळायची हिंमत कोणी करत नसे, आणि याला कारण रेडिओ. सिनेमा गावात यायला पाच वर्षं लागत, गाणं त्याच आठवड्यात येई. विविध भारतीची जाहिरात सेवा मुंबई-पुणे-नागपूरला १९६७ पासूनच होती, आणि बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला शॉर्टवेव्हच्या चढउतारातूनही ऐकणारे प्रत्येक आळीत होते. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की ते उन्हात ठेवून पुन्हा घालायचे, थोडा वेळ चालायचे. त्यामुळे तंबूत बसलेल्याला प्रत्येक कडवं पाठ. गाणं कापलं तर तिकिटाचे पैसे परत मागणार. मग कात्री चालायची ती विनोदी उपकथानकावर, कोर्टातल्या लांब भाषणांवर, आणि दोन गाण्यांमधल्या त्या प्रसंगावर, ज्यात नायक-नायिकेचं भांडण का झालं ते सांगितलेलं असतं. गावानं पाहिलेल्या सिनेमात माणसं पुष्कळदा विनाकारण रुसत.

'वन्स मोअर'ची मागणी तमाशाच्या सवयीतून यायची. तमाशात ते सोपं आहे, इथे नाही. चार मिनिटांचं गाणं म्हणजे ३६० फूट. आर्कपुढची झडप पाडायची, मोटर बंद, गेट उघडायचं, हातानं ३६० फूट मागे गुंडाळायचे, पुन्हा भरायचं. पाच-सहा मिनिटं आणि एखादा नवा ओरखडा. झडप पाडायला विसरलं तर थांबलेली फिल्म उष्णतेनं वितळते आणि पडद्यावर तपकिरी फोड उमटून पसरत जातो. १९५० च्या आधीची फिल्म भडकायची, ही फक्त वितळते, एवढाच दिलासा. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून बसत आणि पडद्याकडे फुलं, नाणी टाकत. नाण्यांनी पडद्याला बारीक भोकं पडतात. ती मागून पांढरं कापड चिकटवून बुजवायची, नाहीतर देवीच्या चेहऱ्यावर काळा ठिपका.

खेळाआधीच्या स्लाइडी त्याच आर्कवर. चौकोनी काचेवर किराणा दुकान, दंतमंजन, विडी, आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. गावातली तातडीची सूचना असेल तर काच चिमणीवर धरून काजळी चढवायची आणि काडीनं अक्षरं कोरायची. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं. काच उलटी आणि खालचं वर करून घालावी लागते, हे नवखा विसरतोच. वीस-पंचवीस सेकंदांहून जास्त ठेवली तर तडकते. मग फिल्म्स डिव्हिजनचा सक्तीचा माहितीपट आणि समाचार चित्र, जे गावात पोचेपर्यंत कित्येक आठवडे शिळं झालेलं असे. आणीबाणीत यात वीस कलमी कार्यक्रमाची भर पडली. 

रिळाचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक सगळ्यात जास्त झिजतं. भरताना तेच हाताळलं जातं, तेच जमिनीवर लोळतं, तेच फाटतं आणि कापलं जातं. म्हणून जुन्या प्रिंटमध्ये नुकसान सगळीकडे सारखं नसतं. दर बावीस मिनिटांच्या सांध्यावर गोष्ट चाळीस-पन्नास फूट उडी मारते, मधला भाग बरा असतो. आणि सगळ्यात जास्त गळती शेवटच्या रिळाच्या शेपटीला. तिथे कोणी सिमेंट खर्ची घालत नाही, कारण तोवर माणसं घोंगडी झटकून उठलेली असतात. खलनायक पडला, पोलिसांची गाडी आली, की ऑपरेटर डाव्या हातानं झडप पाडतो आणि उजव्या हातानं तंबूतले दिवे लावतो. फिल्मचं टोक रिळावर फटफट आपटत राहतं. मग तो सगळी रिळं उलटी गुंडाळतो, बोटांच्या चिमटीतून कड सरकवत, जिथे खडबडीत लागेल तिथे कागदाचा तुकडा खोचत. सकाळी तेवढेच जोड घालायचे असतात. डब्यात ठेवायच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहायचं: रीळ नऊ, सुरुवात फाटकी, समाप्त नाही.